लिफ्ट येणार आहे

“हसा.”

गुण्या हसला.

“असं नाही काका. हे नुसते दात झाले. डोळ्यांतून हसा. गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि तुम्ही त्याला घर नाही, त्याचं स्वप्न दाखवताय. हं, पुन्हा.”

शिकवणारा पोरगा गुण्याच्या मुलीच्या वयाचा होता. गळ्यात टाय, केसांना तेलासारखं काहीतरी चकाकणारं. घरं विकायला शिकवणाऱ्या त्या वर्गात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बाकी सगळी पोरंपोरीच बसली होती, आणि गुण्या एकटाच त्यांच्यासमोर उभा राहून डोळ्यांतून हसायचा प्रयत्न करत होता. त्यानं आयुष्यात बरीच अवघड कामं केली होती. हे त्यातलं सगळ्यात वाह्यात होतं.

“मला शिंक येतेय, असं वाटतंय का तुम्हाला?” त्यानं विचारलं.

पोरं खिदळली. गुण्या जागेवर जाऊन बसला, तेव्हा त्याचा डावा गुडघा असा काही वाजला की शेजारच्या मुलीनं दचकून आधी आपली खुर्ची तपासली.

काटकोन तपासायचं लोखंडी अवजार असतं, त्याला गुण्या म्हणतात. फरशी बसवणाऱ्या या माणसाला हे नाव पडलं ते त्याच्या खोडीवरून. एक फरशी केसभर तिरकी गेली तरी हा ती उखडून पुन्हा बसवायचा. मालक म्हणायचा, “राहू दे हो, वर कपाट येणार आहे.” गुण्या म्हणायचा, “कपाटाला दिसणार नाही, मला दिसतंय.” अशी सगळी उमेदीची वर्षं दुसऱ्यांच्या घरात गुडघ्यांवर काढल्यावर गुडघ्यांनीच हात टेकले. डॉक्टर म्हणाले, आत गादी अशी उरलेलीच नाही. आता उकिडवं बसून काम केलंत तर पुढे चालायचेही वांधे होतील.

त्या दिवसापासून गुण्याच्या घरात प्रत्येकाला सल्ल्याची उबळ येऊ लागली.

मेहुण्याचं घरं विकायचं ऑफिस होतं. तो म्हणाला, “भावोजी, नव्या बिल्डिंगमधले फ्लॅट विका. उभं राहायचं, गोड बोलायचं, चावी फिरवायची. तुमच्या अंगात सिमेंट मुरलंय, तुम्ही नाही विकणार तर कोण विकणार?”

मुलगी म्हणाली, “बाबा, आधी परीक्षा द्या. रीतसर एजंट व्हा. मी अभ्यास घेते तुमचा.”

बायको म्हणाली, “फ्लॅट विकणं हे बोलघेवड्यांचं काम. यांना गिऱ्हाइकाशी दोन वाक्यं बोलता येत नाहीत. त्यापेक्षा भाड्याच्या खोल्या बघा. आपल्याच गल्लीत केवढ्या रिकाम्या असतात.”

“मला कोणी विचारलंय का?” गुण्या ओरडला.

“विचारलं की तुम्ही भिंतीकडे बघत बसता,” बायको म्हणाली. “भिंत काय सांगणार आहे? बोला ना, काय करायचंय तुम्हाला?”

गुण्याला फरशा बसवायच्या होत्या. पण ते बोलून उपयोग नव्हता, म्हणून तो मेहुण्याच्या ऑफिसात जाऊ लागला.

तिथे त्याचं डोकं रोज नव्यानं फिरायचं. मेहुण्यानं इस्त्रीचे दोन शर्ट आणि चावणारे बूट घ्यायला लावले. कोंदट खोलीला ‘उबदार’ म्हणायचं, गाळ्यासारख्या स्वयंपाकघराला ‘आटोपशीर’. समोर नाला असला तर ‘मोकळी बाजू’. गिऱ्हाइकं येत, बाथरूमचे नळ सोडून बघत आणि निघून जात. एक बाई दिवाणखान्यात उभी राहून म्हणाली, “खोली छोटी वाटते हो.” गुण्या म्हणाला, “वाटते कसली, आहेच छोटी.” बाई गेली. मेहुण्यानं कपाळावर हात मारून घेतला.

“भावोजी, तुम्हाला कोणी साक्षीला बोलावलंय का? जरा गिळावं माणसानं!”

“गिळतोच आहे सकाळपासून,” गुण्या म्हणाला.

पण त्याला सगळ्यात जास्त चीड यायची ती क्रियापदांची. त्या नव्या बिल्डिंगमध्ये आहे असं काही नव्हतंच. सगळं होणार होतं. बाग होणार, दिवे येणार, फाटक बसणार. आणि लिफ्ट? लिफ्ट दोन महिन्यांत येणार. हे दोन महिने जागचे हलत नव्हते. लिफ्टच्या खड्ड्यात फळ्या आणि सिमेंटची रिकामी पोती भरून ठेवली होती. गुण्यानं वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, “बिल्डरचं आणि लिफ्टवाल्यांचं वाजलंय. ऑर्डरच गेली नाही अजून.”

अशा दिवसांत ती नर्स आली. पस्तिशीची, ड्यूटीवरून थेट आलेली, डोळे तारवटलेले. तिला चौथ्या मजल्यावरचा शेवटचा फ्लॅट बघायचा होता. सोबत तिचे वडील होते. त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलेलं होतं. एका हातात काठी, दुसरा हात लेकीच्या खांद्यावर.

“बाबा, तुम्ही खाली बसा. मी बघून येते.”

“तू बघून येशील आणि राहणार मी,” म्हातारा म्हणाला. “चल.”

तिघं चढू लागले. म्हातारा एक पायरी चढायचा, दोन्ही पाय एकत्र आणायचा, श्वास घ्यायचा, मग पुढची. मागून गुण्याही तस्साच. दुसऱ्या मजल्यापर्यंत नर्सचा फोन तीनदा वाजला. शेवटी ती “आले हं” म्हणून तो घ्यायला, रेंज शोधत खाली गेली, आणि वळणावरच्या पायरीवर म्हातारा मटकन बसला. गुण्यानं रेलिंग धरून स्वतःला त्याच्या शेजारी सोडलं. गुडघा वाजला.

“गुडघे?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“फरशीचं काम करायचो.”

“मी छापखान्यात होतो. तळघरात. आणि घर छापखान्याच्या मागे, तेही अर्धं जमिनीत. खिडकी वर, रस्त्याच्या पातळीला. खिडकीतून नुसत्या चपला दिसायच्या. गल्लीतली सगळी माणसं मी चपलेवरून ओळखायचो. बायको म्हणायची, ह्यांना तोंडं दाखवली तर नावं सांगता यायची नाहीत.” तो स्वतःशीच हसला. मग म्हणाला, “लिफ्ट कधी येणार?”

गुण्याच्या तोंडात ते ‘दोन महिने’ तयार होते. त्यानं शेजारी बसलेल्या माणसाच्या पायाकडे पाहिलं. तो पाय पायरीवर सामानासारखा ठेवला होता.

“नाही माहीत,” तो म्हणाला. “कागदावर आहे. पण अजून मागवलेलीच नाही. वर्ष जाईल, जास्तही जाईल.”

नर्स तेवढ्यात वर आली होती. तिनं ऐकलं.

“ऑफिसात तर दोन महिने म्हणाले.”

“ते ऑफिसात,” गुण्या म्हणाला.

“मग आम्हाला इथवर चढवलंत कशाला? ड्यूटीतून सुट्टी मागून आलेय मी. ह्यांना बघताय ना? तुम्हाला काही वाटतं का?”

तिचं बरोबर होतं आणि म्हणूनच गुण्याचं पित्त आणखी खवळलं. तिच्यावर नाही, मेहुण्यावर, बिल्डरवर, त्या चावणाऱ्या बुटांवर.

“चला बाबा, उतरू या.”

“आलोय तर बघू दे,” म्हातारा म्हणाला.

“काय बघायचंय? घ्यायचं नाहीये आपल्याला.”

“घ्यायचं नाही म्हणून बघायचं पण नाही?”

वर पोचल्यावर गुण्यानं दार उघडलं. म्हाताऱ्यानं आत जायच्या आधी काठी बगलेत धरून डाव्या हातानं केस सारखे केले, कोणाच्या घरी पाहुणे जाताना करतात तसे. खोल्यांकडे त्यानं पाहिलंही नाही. सरळ खिडकीशी गेला. खाली छपरं होती, छपरांवर वाळत घातलेले कपडे, पलीकडे रस्त्याचा मोठा वळसा आणि त्यावरून चाललेली माणसं. अख्खी माणसं, डोक्यापासून पायापर्यंत. म्हातारा तिथून हलेचना. नर्स दोनदा म्हणाली, “बाबा, चला.” तिसऱ्यांदा न म्हणता तीही खिडकीशी येऊन उभी राहिली.

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

संध्याकाळी मेहुणा घरी येऊन थडकला. “भावोजी, शेवटचा फ्लॅट होता तो! विकल्यात जमा होता! अहो, लिफ्ट आज ना उद्या येणारच आहे, मग यात खोटं काय?”

“मग आली की विकू.”

“ताई, तू सांग ह्यांना. मी हरलो.”

बायकोनं भावाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. “मी काय सांगू? मी आधीच म्हटलं होतं, ह्यांना बोलता येत नाही.”

“येतं की! नको तेवढं येतं!” मेहुणा म्हणाला.

त्या रात्री जेवताना गुण्यानं पहिल्यांदाच आपणहून विषय काढला. “नवे फ्लॅट आपल्याला नकोत. भाड्याचंही नको, दर वर्षी त्याच माणसांना सामान उचलायला लावायचं. जुनी घरं विकीन मी. जे आहे ते समोर असतं. भिंतीला ओल आहे तर आहे. होणार, येणार, बसणार, ही भानगडच नको.”

“आणि परीक्षा?” मुलीनं विचारलं.

“देतो. पण तू मला हसायला शिकवायचं नाहीस.”

मग तो एका कामाला लागला. ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. नर्सचा नंबर त्याच्याकडे होता. तिच्यासाठी तो तळमजल्यावरची घरं शोधू लागला. पाय ओढत गल्ल्या पालथ्या घातल्या. एक सापडलं, स्वच्छ, दोन पायऱ्यांचं, दारात रिक्षा उभी राहील असं. नर्सला आवडलं. तिनं वडिलांना सांगितलं, तर म्हातारा बघायलाही आला नाही. गुण्यानं दुसरं शोधलं. त्याला अंगण होतं. म्हातारा नाही म्हणाला. तिसऱ्या घराच्या वेळी नर्सचाच फोन आला.

“काका, आता शोधू नका. बाबांनी चौथ्या मजल्याचा हट्ट धरलाय.”

“अहो, पण लिफ्ट नाही तिथे!”

“सांगितलं.”

“एकदा वर गेले की खाली येता यायचं नाही त्यांना.”

“तेही सांगितलं. म्हणतात, खाली येऊन मला करायचंय काय? जन्मभर खालीच होतो.” तिचा आवाज थकलेला होता. “मी भांडले, रडले, दोन दिवस बोलले नाही. तुम्हीच या आणि समजवा.”

गुण्या तरातरा गेला. तरातरा म्हणजे त्याच्या गुडघ्यांना जमेल तेवढा. म्हाताऱ्यासमोर बसून त्यानं सगळं सांगितलं. आजारपण आलं तर, वीज गेली तर, मुलगी ड्यूटीवर असताना पडलात तर. अगदी शिरा ताणून सांगितलं. म्हातारा शांतपणे ऐकत होता.

“झालं?” त्यानं विचारलं. “तुम्ही मला खरं सांगितलंत, म्हणून तर मला ठरवता आलं. नाहीतर रोज लिफ्टची वाट बघत बसलो असतो. आता माझं ठरलंय. तुम्ही कशाला चिडताय?”

गुण्या का चिडला होता ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. त्याला वाटलं होतं की आपण एका माणसाला वाचवलं. आणि हा माणूस वाचायला तयार नव्हता.

“व्यवहार तुम्हीच करायचा,” नर्स म्हणाली. “त्या ऑफिसातल्या माणसाचं तोंडही बघायचं नाहीये मला.”

मेहुण्याला हे कळलं तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. “म्हणजे लिफ्ट नाही सांगून तुम्ही चौथा मजला विकलात?”

“विकला नाही. त्यांनी घेतला.”

सामान हलवायच्या दिवशी हमालांनी म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून उचललं. गुण्याचं तिथे काही काम नव्हतं, तरी तो सगळे जिने त्यांच्या मागून चढला, आणि प्रत्येक वळणावर त्यांच्यावर खेकसला. “हळू! भिंतीला लागेल हात त्यांचा! अरे, माणूस आहे, कपाट नाही!” म्हातारा खुर्चीत ताठ बसला होता. काठी मांडीवर आडवी, मिरवणुकीत असल्यासारखा.

वर खोकी पडली होती, गाद्यांच्या वळकट्या भिंतीला टेकल्या होत्या. खुर्ची खिडकीशी ठेवायला म्हाताऱ्यानंच सांगितलं. गुण्यानं चावी नर्सच्या हातात देता देता थांबून ती म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवली. म्हाताऱ्यानं डाव्या हातानं ती मुठीत घेतली आणि तो पुन्हा बाहेर बघू लागला.

“येत जा,” तो म्हणाला.

“ह्या जिन्यानं?” गुण्या म्हणाला. “मला काय वेड लागलंय?”

“बरं, खालून जात जा. मला दिसाल.”

गुण्या उतरू लागला. उतरणं चढण्याहून वाईट. दुसऱ्या मजल्यापासून तर तो रेलिंगला दोन्ही हातांनी धरून, तोंड जिन्याकडे करून, लहान पोर उतरतं तसा उलटा उतरला. एक हमाल रिकाम्या हातांनी शीळ घालत त्याच्या बाजूनं निघून गेला. गुण्यानं बिल्डरला, मेहुण्याला, त्या टायवाल्या पोराला आणि छापखान्यातल्या त्या हट्टी म्हाताऱ्याला एकेका पायरीवर एकेक शिवी हासडली. फाटक बसणार होतं तिथे पोचला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि गुडघ्यात जाळ झाला होता.

तिथे तो थांबला. घाम पुसला, शर्टाची कॉलर सारखी केली. वर बघितलं नाही. मग रस्त्यावर आला, आणि कोपऱ्यापर्यंत जराही न लंगडता, सरळ चालत गेला.