मावशीची डावी बाजू

घरातली गाडी चालवायची ती बायकोनेच. नवरा सुतार. लाकडावर हात असा बसलेला की फळीकडे नुसतं बघून माप सांगावं, पण स्टिअरिंग हातात आलं की त्याला रस्त्याची रुंदीही कळायची नाही. लग्नानंतर तिने त्याला शिकवून बघितलं होतं. दुसऱ्याच रविवारी ती गाडीतून खाली उतरली, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही आपली कपाटं करा." तो विषय तिथेच मिटला.

ती परिचारिका होती. इस्पितळातून घरी सोडलेल्या लोकांची ड्रेसिंगं, इंजेक्शनं, बाळंतिणींची विचारपूस, यासाठी दिवसभर घरोघर फिरायची. अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, आणि लाडात आला की नवराही. गाडी मूळची तिच्या मावशीची. चार दारांची, गोल दिव्यांची, फिकट हिरवी. मावशी गेल्यावर ती हिच्या वाट्याला आली आणि घरात गाडीचं नावच मावशी पडलं. "मावशीला आज खोकला झालाय", "मावशी चढावर रुसली", असं बोलणं ऐकून नवख्याला वाटायचं, आतल्या खोलीत कुणी म्हातारी आहे.

मग सिस्टरला झटका आला. सकाळी केस विंचरता विंचरता कंगवा गळून पडला आणि तो उचलायला ती वाकली ती उठलीच नाही. डावा हात गेला, डावा पाय गेला. जीभ तेवढी शाबूत राहिली. "तीही गेली असती तर तुमची सुटका होती," असं इस्पितळाच्या खाटेवरूनच तिने नवऱ्याला ऐकवलं. पुढे पाय थोडा सुधारला, काठी घेऊन ती चालू लागली. हात मात्र मांडीवर पडून राहायचा, दुसऱ्या कुणाची तरी वस्तू सांभाळायला दिल्यासारखा.

घरी आल्यावर ती खिडकीशी बसून गॅरेजच्या बंद दाराकडे बघत राहायची. सुताराला ते बघवेना. भर पावसात लोकांच्या दारात गाडी उभी करणारी बाई, आणि आता कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जायचं तरी टॅक्सीवाल्याची मनधरणी. शेवटी त्याने मेहुण्याला बोलावलं. तिचा धाकटा भाऊ, स्वतःचं गाड्या दुरुस्तीचं दुकान असलेला.

"एका हाताने चालवता येईल अशी करता येईल का रे मावशी?"

मेहुण्याने डोकं खाजवलं. "भावोजी, नवी ऑटोमॅटिक घ्या ना सरळ. कशाला हे लचांड?"

"नवीत ती बसायची नाही. विचारून बघितलं. म्हणते, ती गाडी नव्हे, मिक्सर आहे."

मेहुणा हसला, आणि हसला म्हणजे फसला. दर रविवारी यायचं त्याने कबूल केलं. अपघातात मागून चेपलेली एक लहान गाडी त्याने भंगारातून मिळवली. तिचं इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मावशीत बसवायचा, म्हणजे क्लच नको, गिअर नको. स्टिअरिंग हलकं करणारी मोटरही तिचीच. पुढच्या चाकांना नवे डिस्क ब्रेक. उरलेलं सुताराचं. स्टिअरिंगवर एका हाताने धरायला लाकडी मूठ, आणि दाराकडे तोंड करून फिरणारी सीट, म्हणजे तिने बाहेरूनच टेकायचं आणि मग वळून आत.

कागदावर हे सगळं सोपं होतं. नवा गिअरबॉक्स मोठा, म्हणून तळाचा पत्रा थोडा कापायचा होता. मेहुण्याने गालिचा उचलला, पत्र्यावर अंगठा दाबला आणि अंगठा आरपार गेला.

"मावशी आतून पोखरलीय," तो म्हणाला.

तिथून जे सुरू झालं त्याला अंत राहिला नाही. तळ बदलायचा म्हणून सीटा निघाल्या. सीटांखाली गंज. दारांच्या खालच्या पट्ट्या कापल्या तर आत भुसा निघावा तसा लाल चुरा निघाला. सुताराला लाकडाची कीड कळायची. किडलेला भाग कुठे संपतो ते ठोकून कळायचं. इथे कितीही कापा, चांगला पत्रा लागतच नव्हता. मेहुणा वेल्डिंग करून जायचा आणि आठवडाभर सुतार एकटाच घासत, खरवडत, रंगाचे पापुद्रे काढत बसायचा. काढलेले भाग जेवणघरापर्यंत आले. हेडलाइट फ्रिजवर, आरसा देवासमोर. मुलगी परगावी होती, ती फोनवर म्हणाली, "बाबा, आईला आधी नीट बरं तर होऊ दे." तो म्हणाला, "तिच्यासाठीच चाललंय ना."

सिस्टर रोज दुपारी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसायची. मांडीवर पान्यांचा ट्रे. तो गाडीखालून हात बाहेर काढायचा आणि मागेल तो पाना ती द्यायची.

"बारा नंबर."

"नाहीये."

"अगं, आत्ताच तर ठेवला."

"नाहीये म्हटलं ना. आंधळी आहे का मी?"

तो बाहेर यायचा, तर बारा नंबर ट्रेमध्येच, डाव्या कडेला. तो पाना घेऊन परत गाडीखाली सरकायचा. आजारपणाने माणूस चिडचिडं होतं, लक्ष उडतं, असं डॉक्टर म्हणालेच होते. जेवताना ती ताटातली कोशिंबीर टाकायची, तेही त्याला तोंडाची चव गेल्यामुळे वाटायचं. चहाचा कप डावीकडे ठेवला तर गार होऊन जायचा. "विसरलीस वाटतं," म्हणून तो स्वतःच उचलून तिच्या उजव्या हातात द्यायचा. इतकी साधी गोष्ट. पण त्याचं डोकं दिवसभर मावशीच्या पत्र्यात.

आणि तरी एक दिवस गाडी झाली. नवा हिरवा रंग वाळला, दारं बसली. मेहुण्याने किल्ली फिरवली आणि मावशी न खोकता, न रुसता एका दमात चालू झाली. सिस्टर फिरत्या सीटवर टेकली, उजव्या पायाने जमिनीला रेटा देऊन आत वळली, लाकडी मुठीवर हात ठेवला. अंगठ्याने ती चाचपली. मग म्हणाली, "मूठ चांगली घासलीत हो." सुताराने तोंड फिरवलं, कारण मेहुण्यादेखत रडायचं नव्हतं.

एवढं झाल्यावर राहिलं काय, तर डॉक्टरांचा दाखला. झटका येऊन गेलेल्यांना तो लागतोच. उजव्या हातापायाची तपासणी उत्तम झाली. मग डोळ्यांचे डॉक्टर तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले. तरुण होते, आवाज मऊ.

"माझ्या नाकाकडे बघा, सिस्टर. मान हलवायची नाही. माझी बोटं हलली की सांगायचं."

सुतार तिच्या मागच्या बाकावर बसला होता. डॉक्टरांनी तिच्या उजवीकडचं बोट हलवलं.

"हललं."

मग तिच्या डावीकडचं हलवलं. ती गप्प. सुताराला वाटलं, मुद्दाम खात्री करतेय. डॉक्टरांनी पुन्हा हलवलं, मग सगळी बोटं हलवली, पेटी वाजवल्यासारखी.

"आता?"

"काही नाही. हलवा ना तुम्ही."

सुतार बाकावरून अर्धा उठला. हलतायत की! अगं, समोर नाचतायत! शब्द अगदी ओठांवर आले होते. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं आणि मान किंचित हलवली, आणि तो परत खाली बसला. बारा नंबरचा पाना, ताटातली कोशिंबीर, गार झालेला चहा, एकेक त्याच्या डोळ्यांसमोर येऊ लागलं. डॉक्टर बोटं नाचवत होते आणि त्याची बायको ताठ बसून, शाळेत पहिल्या नंबराने आलेल्या मुलीसारखी, वाट बघत होती.

डोळे चांगले आहेत, डॉक्टरांनी समजावलं. मेंदूचा जो भाग डावीकडचं बघतो तो गेलाय. काही दिसत नाही हेही माणसाला कळत नाही. चष्म्याने, औषधाने व्हायचं नाही. एव्हाना सुधारायचं असतं तर सुधारलं असतं. गाडी चालवायची नाही.

टॅक्सीत ती भडकली. "कालचं पोर! मी किती जणांच्या डोळ्यांत औषधं घातलीत आणि हा मला शिकवणार! मला सगळं दिसतंय. हे तुम्ही दिसताय, ही खिडकी दिसतेय."

तो तिच्या उजवीकडे बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तयार होऊन गॅरेजच्या बंद दारापाशी उभी. "किल्ली द्या."

"अगं, डॉक्टर म्हणाले ना..."

"रस्त्यावर नाही नेत. अंगणातून फाटकापर्यंत. तेवढ्याला दाखला लागतो?"

तो घरात गेला, किल्ली शोधायचं नाटक करत गॅरेजच्या मागच्या दाराने शिरला, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची वायर सैल करून ठेवली. ती जोडताना त्यानेच फडक्याने पुसून, घट्ट आवळून जोडली होती. मग येऊन किल्ली दिली.

तिने किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली.

"तुझ्या भावाला फोन करतो," तो म्हणाला. "नवीन इंजिन आहे, काहीतरी..."

"दिवासुद्धा लागत नाहीये." तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता आणि तेच त्याला सोसेना. "वायर काढलीत तुम्ही."

सुताराने खाली बघितलं.

"वर्षानुवर्षं पेशंटशी मी असं वागलेय हो," ती म्हणाली. "गोळी दुधात घालून द्यायची, औषध संपलं म्हणायचं. माझ्याशी नका वागू."

काय करावं त्याला कळेना. नाही म्हणायला हवं हे दिसत होतं, पण नाही कसं म्हणायचं ते येत नव्हतं. शेवटी त्याने वायर जोडली. फाटक लावून घेतलं, कडी दोनदा बघितली आणि अंगणात गाडीसमोर येऊन उभा राहिला. गाडीचं तोंड बाहेर होतं. सरळ पुढे यायचं, बस.

मावशी हळूच निघाली. सिस्टरचा चेहरा काचेमागे शांत, हनुवटी वर, नेहमी असायची तशी. गाडी डावीकडे सरकत होती. "उजवीकडे घे!" तो ओरडला. "उजवीकडे, अगं!" तिने थोडं उजवीकडे घेतलंही, पण तेवढ्याने भागणारं नव्हतं. गॅरेजच्या दाराचा दगडी खांब पुढच्या चाकावरच्या पत्र्याला लागला आणि मग पुढचं दार, मागचं दार, सगळी डावी बाजू त्याला घासत आली. तो धावला आणि दोन्ही हात लावून गाडी रेटू लागला, जणू टेबल सरकवायचं होतं.

तिने ब्रेक दाबला. काच खाली केली.

"कसला हो आवाज? मागे काही अडकलंय का?"

ती सीट फिरवून उतरली, काठी टेकत बॉनेटपुढून वळसा घालून आली आणि मान पूर्ण वळवून बघितलं. मग उजवा हात पत्र्यावर ठेवला आणि पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत चालत गेली, जखम किती खोल आहे ते बघावं तशी. शेवटाला पोचल्यावर तिथेच उभी राहिली.

"मला खांब दिसला नाही," ती म्हणाली. "होता कुठे तो?"

"तिथेच गं. तिथेच असतो तो."

"तिथेच असतो," ती म्हणाली, आणि मग एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. जे काही हातांनी करता येण्यासारखं होतं ते सगळं त्याचं करून झालं होतं.

ओरखडे मेहुण्याने भरून देऊ केले. ती नको म्हणाली. फिरती सीट मात्र सुताराने काढली आणि चालकाशेजारी नेऊन बसवली. आता मेहुणा रविवारी येतो आणि दोघांना फिरवून आणतो. ती पुढे, सुतार मेहुण्याच्या मागे. सुरुवातीला ती भावाला सुचेनासं करायची. "अरे, समोर वळण आहे. किती उशिरा ब्रेक दाबतोस!" आणि तिचा उजवा पाय तळाच्या पत्र्यावर दाबला जायचा, तिथे ब्रेक असल्यासारखा. मेहुणा म्हणायचा, "ताई, तूच चालव," आणि मग जीभ चावायचा.

हल्ली ती फारसं बोलत नाही. खिडकीबाहेर बघत असते. परवा नदीकडच्या उतारावर मेहुण्याने जरा वेगात वळण घेतलं. सुताराने मागून तिच्या पायाकडे बघितलं. पाय हलला नाही. पुढचं वळण आलं, त्याच्या पुढचं आलं. सुतार पुढच्या सीटला धरून, घर येईपर्यंत तिच्या पायाकडेच बघत बसला होता.