तीन वेढे

घोडी पहाटे व्याली, आणि तीही इतक्या झटपट, की मोतद्दार दिवा घेऊन येईपर्यंत शिंगरू गवतावर येऊन पडलेलं होतं. पागेच्या मालकीणबाईंना तेव्हा त्याचं समाधानच वाटलं. घोडी वयानं थकलेली, हे तिचं शेवटचं बाळंतपण. ते विनासायास पार पडलं म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला होता. आता मात्र उन्हं खिडकीतून आत उतरली, तरी शिंगरानं आईकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

ते उभं राहत होतं, चालत होतं. पण झोपेत चालणाऱ्या माणसासारखं. भिंतीशी जाई आणि चुन्याचे पोपडे चाटत राही. घोडी त्याच्यामागून फिरे, घशातल्या घशात त्याला हाक मारी. तिच्या सडांतून ठिबकलेलं दूध मागच्या पायांवर ओघळून वाळलं होतं.

“भिंतीला पान्हा फुटत असता, तर एव्हाना हे गलेलठ्ठ झालं असतं,” मोतद्दार म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो घोडीच्या तोंडावरची मोरखी सारखी करू लागला.

बाईंची भाची जनावरांची डॉक्टर होती. निरोप मिळताच आली होती, आणि घोडीचा चीक काढून तिनं तो नळीनं शिंगराच्या पोटात घातलाही होता. हात पुसत ती म्हणाली, “नळीनं आजचा दिवस निभेल, आत्या. पण आईचाच धीर सुटत चाललाय. यानं तिला ओळखलं नाही, तर उद्या ती याला जवळ उभं करणार नाही.”

“मग?”

भाचीनं पिशवीतून मऊ सुती दोर काढला. “याला आवळायचं.”

बाईंना वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. त्यांच्या पागेत नवा माणूस कामाला आला, की आधी त्याच्याच मनगटाला दोर बांधून, तो कुठवर घट्ट चालतो हे त्या दाखवत. जनावर घाबरून ओढू लागलं, तर एका हिसक्यात सुटेल अशीच गाठ त्या मारत आल्या होत्या.

“आज जन्मलेलं पोर ते. कोवळ्या काकडीसारख्या बरगड्या त्याच्या. आवळायचं म्हणजे काय गं?”

“पोटात असताना शिंगरू धावायला लागलं तर आईचं काय होईल? म्हणून आत ते झोपेतच असतं. बाहेर येताना वाट अरुंद. चहूबाजूंनी दाब बसतो, आणि त्या दाबानं त्याला कळतं, की आता जागं व्हायचं. हे फार भरकन बाहेर आलं, आत्या. याला कोणी उठवलंच नाही.”

“तू केलंयस हे कधी?”

“पाहिलंय. दोर आमच्या सरांच्या हातात होता.”

“छान. म्हणजे डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रयोग माझ्याच घरात.”

“प्रयोग तुझ्या हातून. ओढ एकसारखी हवी, आणि तसा हात माझा नाही, तुझा आहे.”

भाचीनं शिंगराची एकेक बरगडी बोटांनी चाचपली. एखादी जरी मोडलेली असती, तर दोर लावता आला नसता. मग तिनं पुढच्या पायांमागून छातीभोवती तीन वेढे घातले आणि दोराचं टोक आत्याच्या हाती दिलं. बाईंनी तोल सांभाळत ओढ घेतली. शिंगराचे गुडघे लटपटले. भाचीनं त्याला कवेत घेऊन अलगद गवतावर निजवलं. मान पसरली, डोळे मिटले, आणि सगळं अंग चिंधीसारखं सैल पडलं.

“बाई, सोडा,” मोतद्दार दबक्या आवाजात म्हणाला. “गेलं ते.”

बाईंची बोटं ढिली पडू लागली. जन्मभराची सवय बोटांत होती: जनावर पडलं, की आधी दोर सोडायचा.

“सोडू नकोस, आत्या. हाताला काय लागतंय ते सांग.”

त्यांनी डोळे मिटले. आधी काहीच लागेना. स्वतःचीच नाडी ठणकत होती. मग दोर किंचित ताणला गेला आणि किंचित सैलावला. पुन्हा ताणला गेला. श्वास होता. मघाच्या उथळ धापेसारखा नव्हे, खोल आणि लांब, कुठल्याही घाईत नसलेला.

“झोपलंय,” त्या म्हणाल्या, आणि आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

“झोपणारच. दाब सुटला, की मग जागं होईल,” भाची म्हणाली.

त्यांचे खांदे भरून आले, तळवे चुरचुरू लागले. पण ओढ त्यांनी तसूभरही बदलू दिली नाही. किती घोड्या त्यांच्या डोळ्यांदेखत व्याल्या होत्या, आणि दर वेळी त्या बाहेरच उभ्या राहिल्या होत्या, पाहत. आज पहिल्यांदाच त्या जन्माच्या दाराच्या आतल्या बाजूला होत्या. जिथं उजेड नाही, हाक नाही, केवळ दाब आहे, तिथली धीमी लय त्यांच्या मुठीत येत-जात होती. घोडीचंही फिरणं थांबलं होतं. मान खाली घालून ती निश्चल उभी होती.

“आता,” भाची म्हणाली. “हळूहळू.”

बाईंनी वेढे एकेक करून उतरवले. शिंगरू तसंच पडून राहिलं. भाचीचा चेहरा उतरू लागला. तेवढ्यात एक कान वळला. मग मान वर आली, डोळे उघडले. आणि ते डोळे पाहत होते. सकाळपासून उघडे होते तेव्हा त्यांत खिडकीचा चौकोन तेवढा चमकत होता. आता त्यांत कोणी तरी येऊन उभं राहिलं होतं.

घोडीनं हाक मारली. शिंगरानं उत्तर दिलं. बारीक, कापरं, पण उत्तरच. चारी पाय चार दिशांना फाकवत ते उठलं आणि भिंतीकडे पाठ करून सरळ तिच्याकडे गेलं. दोनदा चुकून पोटालाच ढुशी दिली. तिसऱ्यांदा सड सापडला.

तिघंही पाय न वाजवता बाहेर आली आणि अर्ध्या दारावर हात ठेवून उभी राहिली. चोखण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. पलीकडच्या ठाणांतले घोडे सकाळच्या दाण्यासाठी बादल्या आपटू लागले होते. मोतद्दारानं बाईंकडे पाहिलं.

“थांबू देत जरा त्यांना,” बाई म्हणाल्या.