काढली का?

एक काम संपलं की मामंजी उघडा तळवा ऐरणीवर फाडकन आपटायचे, तिच्यावरच्या लोखंडाच्या खपल्या झाडायचे आणि ओरडायचे, "आण!" मग मी भट्टीतली पुढची कांब आणायची. नवरा गेल्यापासून बारा वर्षं घण मीच मारत होते आणि शिव्याही मीच खात होते.

ऐरणीच्या एका टोकाला चौकोनी भोक असतं. त्यात चौकोनी बुडाची अवजारं बसतात. कांब गोल करायला खाचेचं, ताणायला गोल पाठीचं, आणि तोडायला छिन्नी, धार वर करून उभी राहणारी. तापलेली कांब धारेवर ठेवायची, वरून घण घालायचा, शेवटचा घाव हलका. तुकडा पडला की आधी छिन्नी उपसायची, नाहीतर कुणाचा तरी हात जातो. म्हणून मामंजी दर वेळी विचारत, "काढली का?" मी म्हणे, "काढली." मगच त्यांचा तळवा खाली येई.

दोन वर्षांपासून ते प्रत्येक अवजार चाचपून ओळखत. नजर पार गेली होती. हे फक्त मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांना कळल्यापासून ते माझ्यावर आणखीच डाफरत.

त्या दिवशी दीर आले. खाचेचं अवजार उलटं धरून विचारतात, "बाबा, याच्यानं काय, खिळे ठोकतात?" मला हसू फुटलं. मामंजी भडकले, तेही माझ्यावरच.

"दात काय काढतेस? ऐरण, भट्टी, सगळं याच्या नावावर केलंय काल."

"आणि मी?"

"तू काय? घण मारायला हात लागतातच. ठेवील तो तुला."

"मी कुठं चालवणारे बाबा," दीर म्हणाले. "भंगारवाला बघितलाय. वजनावर चांगलं जाईल."

मामंजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "आधी बघ तरी, कांब कशी तोडतात ते."

ऐरण मला हवी होती. दुसरं काही मी त्या घरात कधी मागितलं नव्हतं. मी छिन्नी बसवली, घाव घातले, शेवटचा हलका. तुकडा खाली पडला. दीर वाकून त्याच्याकडे बघत होते.

"काढली का?"

छिन्नी जागेवर उभी होती. माझं डोकं सणकलं होतं, ते आता कशाला लपवू?

"काढली," मी म्हटलं.

तळवा आला, नेहमीच्याच जोरानं.

उजव्या तळव्याच्या शिरा तुटल्या. चार बोटं मिटेनाशी झाली. दवाखान्यात दिरांनी विचारलं, "एवढी छिन्नी दिसली कशी नाही?"

मामंजी माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले, "दिसली होती. माझंच लक्ष नव्हतं." ते मरतील पण आंधळा म्हणवून घेणार नाहीत, हे मी धरूनच चालले होते.

फक्त दिरांना हिशेबात धरायला विसरले. आठवड्याभरात त्यांनी ऐरण उचलून नेली, आणि बापाला माझ्याकडे ठेवलं.

आता दोन्ही वेळा मी त्यांच्यापुढे ताट सरकवते. ते धड राहिलेला डावा हात मांडीवरून हलवत नाहीत.

"काढली का?"

"काढली, मामंजी."

"आधी तुझा हात ठेव."

मी माझा तळवा ताटाशेजारी ठेवते. ते बोटांनी तो चाचपतात आणि मगच जेवतात.