धीर देण्याचा डेमो

लातूरच्या ट्यूशन एरियातल्या आमच्या क्लासमध्ये नव्या शिक्षकाला आधी डेमो लेक्चर द्यावं लागतं. मग राघवेंद्र सर त्याच्या चुका सांगतात. बायोलॉजीचे हे सर म्हणजे मोठं प्रस्थ; चौकाचौकात त्यांचे फ्लेक्स. मी गीतांजली, ऑफिस सांभाळते. फ्लेक्सवरचा माणूस खाली उतरल्यावर कसा वागतो, ते मला रोज दिसतं.

या जूनमध्ये देविका आणि माणिकप्पा एकाच दिवशी रुजू झाले. दोघांचेही डेमो फसले. माणिकप्पाच्या चुका सरांनी स्टाफरूममध्ये, टेबलापलीकडून, भजी खाता खाता सांगितल्या. देविकाला मात्र चुका सांगायला त्यांनी प्रयोगाच्या सामानाच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि तिच्या कमरेला हात घातला. ती म्हणाली, "सर, सोडा." त्यांनी सोडलं नाही. शेवटी त्यांना ढकलून ती बाहेर आली आणि तडक माझ्या टेबलापाशी उभी राहिली. घडलं ते सगळं तिनं सांगितलं. माझं डोकंच फिरलं.

मी क्लासचे मालक शेषेराव यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. ॲडमिशनचे दिवस होते. ते म्हणाले, "गैरसमज झाला म्हणा आन् मिटवा. न्हाईतर देविका मॅडम, तुम्ही नांदेडच्या ब्रँचला जा." म्हणजे हात सरांचा आणि बदली तिची!

सरांचा चेहरा असा दुखावलेला, की त्यांनाच कुणीतरी खोलीत कोंडलं होतं असं वाटावं.

"डेमो फसला म्हणून रडकुंडीला आली होती. मी धीर दिला. भूकंपात किल्लारीला जाऊन किती जणांना धीर दिलाय मी! सोडा म्हणाली ते लाजून. माझ्या मनात पापच नव्हतं."

गंमत अशी, की ते मुद्दाम खोटं बोलत नव्हते. स्वतःला त्यांनी इतकं छान पटवलं होतं की डोळेसुद्धा पाणावले.

मी विचारलं, "सर, नव्या माणसाला तुम्ही असाच धीर देता?"

"हाव. सगळ्यांनाच. स्वभावच हाय माझा."

"मग माणिकप्पा सर बी नवेच हायत. त्यांचा बी डेमो फसला. कसा धीर देता, जरा डेमो द्या की."

माणिकप्पा म्हणजे उदगीरचा सहा फुटी, झुपकेदार मिशांचा गडी. तो उठला आणि गंभीर चेहऱ्यानं सरांसमोर जाऊन उभा राहिला. "द्या सर. लई खचून गेलोय मी."

शेषेरावांनी हसू दाबायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. सरांचा हात उचलला गेला आणि माणिकप्पाच्या कमरेपासून वीतभर अलीकडेच अडकला.

"ह्याला कशाला?" ते पुटपुटले.

"आन् मला कशाला दिला होता?" देविकानं विचारलं.

आता कुणालाच हसू येईना. शेषेरावांनी ग्लास खाली ठेवला. "मॅडम, तुम्ही इथंच राहा. सर, उद्यापासून तुम्ही येऊ नका. आजच फ्लेक्स उतरवतो."

सर उठले. दारापाशी थबकून मला हळूच म्हणाले, "देविकाला सांगा, माझ्या मनात काही न्हाई. मी माफ केलंय तिला."