इथलं ते इथं

"पिशव्या उघडा," आकाराम पाहुण्यांना म्हणाला आणि स्वतःची पिशवी मात्र पायाआड सरकवली.

जंगलाच्या नाक्यावर भाऊसो वही घेऊन बसला होता. आत जाणाऱ्याजवळ प्लॅस्टिकचं काय काय आहे ते तो लिहून घ्यायचा आणि बाहेर पडताना एकेक जिन्नस ताडून पाहायचा. एक बाटली कमी भरली की माणूस परत आत. साहेब असो नाहीतर साहेबाचा जावई, भाऊसोला त्याचं काही नव्हतं.

सांगलीहून आलेला विश्वजित आणि त्याची पुतणी शिवांजली यांच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे लिहून झाले.

"आता तुझी," भाऊसो म्हणाला.

"माझी कशाला रं? रोजचा मी."

"वाटाड्यालाबी नियम हाय. तूच घालाय लावलास न्हवं?"

खरंच होतं ते. आकारामनं पिशवी पुढं केली. आत भाकरी होती आणि प्लॅस्टिकच्या पुडीत मूठभर राख. भाऊसोनं त्याच्या टोपीखालचा ताजा गोटा पाहिला. आकारामचे वडील, आबा, जाऊन पंधरा दिवस झाले होते.

"आत काय बी ठेवायचं न्हाई," भाऊसो हळूच म्हणाला. "कळलं तर वाटाड्याचं कार्ड जाईल तुझं. मला बी लिहावं लागंल."

"ठाव हाय मला."

भाऊसोनं लिहिलं, 'आकाराम. पुडी एक.'

तिघं अंजनीच्या झाडांच्या दाट सावलीतून चढू लागले. शेकरू दिसलं तेव्हा शिवांजलीनं आकारामच्या दंडाला हात लावून ते दाखवलं, तर त्यानं नुसती मान हलवली. आबांची रक्षा तिसऱ्याच दिवशी आष्ट्याकडच्या नव्या गावात, उसाच्या रानात टाकली होती. त्यातली मूठभर आईनं, मनुबाईनं, बाजूला काढली. "उसात त्यांला करमायचं न्हाई रं," ती म्हणाली होती. "करंजवाडीला पोचव त्यांला." करंजवाडी म्हणजे या जंगलातलं त्यांचं जुनं गाव. पंचवीस वर्षांमागं उठवलेलं.

आकाराम सरणापाशी रडला नव्हता. दहाव्यालाही नाही. भावकी म्हणाली, काळीज दगडाचं आहे. तसं काही नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय बधिर होतो, तसा तो आतून झाला होता, एवढंच.

दुपारी ते करंजवाडीत पोचले. गाव म्हणजे आता कारवीत बुडालेली जोती आणि एक फणस. शिवांजलीनं संत्रं सोललं आणि साल झुडपात टाकली.

"उचला ती," आकाराम म्हणाला.

"सालच आहे की काका. कुजून माती होईल."

"व्हईल. पण हिकडं संत्रं कवा हुतं? जे इथलं न्हाई, ते परत न्यायचं."

"बाप रे, लय कडक आहात तुम्ही!" विश्वजित हसला. "आणि हे जोतं कुणाचं?"

"आमचं. फणस आबांनी लावलेला."

विश्वजितचं हसू थांबलं. शिवांजलीनं वाकून साल उचलली, रुमालात बांधली आणि विश्वजितला घेऊन ओढ्याकडं गेली.

आकाराम एकटाच उंबऱ्याच्या दगडावर बसला. इथं आल्यावर तरी रडू येईल असं त्याला वाटलं होतं. आलं नाही. त्यानं पुडी बाहेर काढली, परत पिशवीत ठेवली. उठून चार पावलं गेला. मग थांबून फणसाच्या बुंध्याकडं बघत राहिला. आपणच आत्ता पोरीला काय बोललो, ते त्याला आठवलं.

ऊन कलताना तिघं नाक्यावर आले. बाटल्या जुळल्या. बिस्किटांचे पुडे जुळले. संत्र्याची सालसुद्धा शिवांजलीनं न विचारता रुमाल सोडून दाखवली.

"तुझी पुडी?"

आकारामनं पुडी टेबलावर ठेवली. भाऊसोनं ती उचलली. वजन नव्हतंच तिला.

"ह्यातलं कुठं हाय?"

"ते बाहेरचं नव्हतं भाऊसो. इथलंच हुतं. मागं राहिलं."

भाऊसोनं वहीत पाहिलं. सकाळी त्यानं पुडी एक, एवढंच लिहिलं होतं. पुडी एक आली होती. त्यानं खूण केली.

"म्हातारीला काय सांगशील?"

आकारामनं पुडीची घडी घातली. ती दोनदा चुकली. तिसऱ्यांदा त्यानं ती तशीच टेबलावर सोडली, आणि टोपी काढून तोंडावर धरली.

"आबा घरला पोचलं म्हणून," तो टोपीतूनच म्हणाला.