शंभर फुटांचा संशय

मी एक जुनी फीत आहे. गाण्यांची नव्हे, मापांची. शंभर फूट लांब, चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली, पितळी मुठीने आत ओढली जाणारी. माझ्या एका अंगावर फूट आहेत, दुसऱ्यावर मीटर. मित्रांनो, इतके नेमके आकडे अंगावर वागवणाऱ्यावर लोक सहज विश्वास ठेवतात. मी स्वतः मात्र फारसा ठेवत नाही. त्याचे कारण तुम्हाला सांगते.

मला विणताना सुतामध्ये पितळेच्या बारीक तारा ओवल्या होत्या. ओलाव्याने मी आकसू नये, ओढीने लांबू नये म्हणून. बुधवार पेठेतल्या एका दुकानात काही महिने काचेआड काढल्यावर शहराच्या रस्तेदुरुस्ती खात्याने मला विकत घेतले. पहिली वर्षे कौतुकाची होती. काम संपले की मला कोरड्या फडक्याने पुसत, उलगडताना पीळ पडू देत नसत.

पण पुण्याचे रस्ते रुंद होऊ लागले, आणि माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. जिथे मला पसरत, तिथून काही दिवसांनी कोणीतरी उठलेले असे. आज सायकल दुरुस्त करणाऱ्याची पेटी, उद्या एखाद्या घराची पायरी, परवा चिंचेची सगळी सावली. मी जमिनीवर आले की माणसे आधी माझ्याकडे पाहत आणि मग एकमेकांकडे. तो संशय हळूहळू माझ्या सुतातच मुरला.

पुढे माझा मुक्काम नगर रस्त्यालगतच्या खात्याच्या आवारात पडला, शमशुद्दीन मुकादमांच्या टेबलाच्या खणात. आवारात खडीचे ढीग होते, डांबराची पिंपे होती, ट्रक होते. पूर्वेच्या भिंतीला टेकून पत्र्याचा एक आडोसा होता. दाराच्या जागी गोणपाट. आत एक नळ, एक दोरी, एक तडकलेला आरसा. डांबराच्या कामावरच्या अकरा बायका तिथे कपडे बदलत. उकळत्या डांबराजवळ घामाने टिकली टिकत नाही, म्हणून सकाळी त्या आपापली टिकली काढून भिंतीला चिकटवत आणि संध्याकाळी रॉकेलने हात, साबणाने तोंड धुऊन पुन्हा कपाळी लावत. विसरलेल्या टिकल्यांची भिंतीवर ओळच्या ओळ झाली होती. तो आडोसा मात्र कोणत्याही नकाशात नव्हता.

नव्या शतकाचे पहिले वर्ष होते. रस्त्यापलीकडे संगणकाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यांच्या काचांत आमचे आवार दिवसभर स्वतःचे मळके तोंड पाहत असे. अशात एक पत्र आले. आवाराला नेमकी किती जागा लागते, हे ठरवण्यासाठी गुरुवारी अकरा वाजता सल्लागार कंपनीची माणसे येणार होती.

"तीस वर्षांत कुणी विचारलं नाही, तुम्हाला किती जागा लागते," मुकादम म्हणाले. "आता विचारतायत. म्हणजे जागा त्यांना हवीय."

"मग काय लागतं ते खरं सांगा की," टोळीतल्या सर्वांत जुन्या चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"सांगीन. पण खात्याचे साहेब म्हणतात, आधी आवार स्वच्छ दिसलं पाहिजे."

मित्रांनो, साहेब येणार म्हटले की आवरायचे, ही आपल्याकडची जुनी खोड. पिंपे ट्रकमध्ये भरून दुसरीकडे धाडली. खडी हलवली. दोन दिवसांपुरता म्हणून आडोसाही उतरवला, भिंतीवर चुना फिरवला. बायकांना निरोप गेला, गुरुवारी इकडे फिरकू नका, थेट कामावर जा.

"आरसा तरी नीट ठेवलात का," चंद्रभागाबाईंनी विचारले, "का आमच्यासारखाच धाडलात कुठंतरी?"

गुरुवारी कंपनीकडून आली ती एकटी कल्याणी, नुकतीच पदवी घेतलेली, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. तिचे मोजणीचे नवे यंत्र उन्हात आकडे दाखवेना, म्हणून मुकादमांनी मला पुढे केले. ती मोजू लागली, आणि मला कळून चुकले की मी रितेपण मोजते आहे.

"हा कोपरा कशाचा?"

"मोकळाच आहे, मॅडम," मुकादम साहेबांकडे पाहत म्हणाले.

"म्हणजे दोन तृतीयांश आवार वापरातच नाही," ती टिपण करत म्हणाली. "मग एवढं कशाला? वाघोलीकडची छोटी जागा पुरेल."

स्वच्छतेची शाबासकी ऐकायला उभे असलेले साहेब रिकाम्या आवाराकडे पाहू लागले. या अकरा बायका खडकीकडून पायी येत. वाघोलीला जायचे तर त्यांना दिवस मध्यरात्रीच सुरू करावा लागला असता.

शेवटचे माप घेताना कल्याणीने माझे टोक भिंतीवर दाबले आणि हात थांबवला. "या भिंतीला गोवर आलाय का हो?" तिने नखाने खरवडले. चुन्यासकट एक लालभडक टिकली तिच्या बोटाला चिकटली. "मुकादम, रिकाम्या कोपऱ्यात टिकल्या कोण लावतं?"

मुकादम साहेबांकडे न पाहता म्हणाले, "बायका. आज इकडे येऊ नका, म्हणून मीच सांगितलं त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात वाजता, कोणालाही न कळवता, ती पुन्हा आली. पिंपे परतली होती. ट्रकांतून वाट काढावी लागत होती. उघड्या कोपऱ्यात दोन बायकांनी एक लुगडे आडवे धरले होते आणि त्यामागे तिसरी कपडे बदलत होती.

"आलीस का मोजायला?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "मोज. झालं की आम्हाला कुठल्या ट्रकात भरायचं, तेपण सांग."

"बाई, हे टोक धरता?"

"मी कशाला? उद्या म्हणशील, हिनंच मोजून दिलं."

"म्हणूनच धरा. आणि ताणून धरा. सैल सोडली तर ही आहे त्यापेक्षा जास्त दाखवते."

चंद्रभागाबाईंनी धरले. माझ्या आयुष्यात प्रथमच, जिच्या जागेचे माप होते तिच्याच हातात माझे टोक होते. बारा फूट बाय दहा.

अहवालात आवार जागेवर राहिले. एक पट्टा पलीकडच्या इमारतीच्या मोटारींसाठी गेला, तेवढे गेलेच. पण बारा बाय दहाची पक्की खोली, आतून कडी, असे स्पष्ट लिहिलेले होते. तरी माझा संशय गेला नाही. कागद वाचायला मी शिकलेली नाही. मला जमीनच कळते.

खोलीचा पाया आखला, तेव्हा कंत्राटदाराच्या माणसाने मला विटांच्या ढिगावरून सैल टाकले आणि ओरडला, "बारा फूट पूर्ण!"

हातातले घमेले खाली ठेवून चंद्रभागाबाई पुढे झाल्या. "विटा काढ मधल्या. आता ताण."

"अहो मावशी, झालंय मोजून."

"तुझं झालंय. माझं राहिलंय. ताण म्हणते ना!"

त्याने ताणले. साडेअकरा.

मुकादमांनी चुन्याची रेघ पायाने पुसली आणि सहा इंच पुढे सरकून नवी ओढली. त्या नव्या रेघेवर आज भिंत उभी आहे, आणि तिच्यावर टिकल्यांची नवी ओळ.

आता लाल ठिपका टाकणारी यंत्रे आली आहेत. माझे पहिले चार आकडे पुसले गेले, पितळी मूठ अडते. मी खणातच असते. मित्रांनो, मला तेलाचे दोन थेंब आणि कोरडे फडके मिळाले तर बरे वाटेल. पण त्याहून मोठे मागणे वेगळे आहे. कधी कोणी तुमची जागा मोजायला आले, तर आधी आवरू नका. तुमचा पसारा, तुमची दोरी, तुमचा तडकलेला आरसा असेल तिथेच राहू द्या. आणि फितीचे एक टोक स्वतःच्या हातात ठेवा. ताणून.