एकच चेहरा, एकच उजेड

जुने कॅमेरे विकत घ्यायचे, साफसूफ करायचे, चालते करायचे आणि पुन्हा विकायचे, असा धंदा असलेल्या दुकानात दोघी बहिणींतली थोरली एकोणीस वर्षं नोकरीला होती. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं रुंद, बोलायला कमी. लेन्सला लागलेली बुरशी तिला भिंगाशिवाय दिसायची. मालक कौतुकानं म्हणायचे, "बाईंच्या नजरेतून धूळ सुटत नाही." त्यांना तिच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

अलीकडे तरुण मुलंमुली दुकानात येऊन वीस वर्षांपूर्वीचे डिजिटल कॅमेरे मागायला लागली होती. निम्म्यांना खिशात मावणारा चपटा कॅमेरा हवा असायचा, निम्म्यांना विटेएवढा जड. कुठला आणि का घ्यायचा, हे मात्र कुणालाच माहीत नसायचं. म्हणून मालकांनी एक दिवस सांगितलं, "बाई, दोन्हीची तुलना करून इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाका. एक मोठा, एक छोटा. तेच माणूस, तीच खुर्ची, तोच उजेड. आणि चेहरा असा निवडा की ज्यात बघण्यासारखं काहीतरी असेल."

थोरलीनं आईचं नाव घेतलं. ते तिच्या तोंडून इतक्या पटकन निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

आई एके काळची देखणी. मोठ्या दुकानात अत्तरं आणि पावडरी विकण्याच्या टेबलामागे तिनं तीस वर्षं काढली होती, आणि बायका अत्तरापेक्षा तिलाच बघायला यायच्या असं ती स्वतःच सांगायची. धाकटी तिच्यावर गेली होती. थोरली वडिलांवर, तेच रुंद नाक, तोच जड जबडा. घरात फोटो काढायची वेळ आली की आई वडिलांचा कॅमेरा थोरलीच्या हातात द्यायची. "तू काढ गं. तुझा हात स्थिर आहे." सहाव्या वर्षापासून तिचा हात स्थिर होता. घरच्या तीन जाडजूड अल्बममध्ये थोरली चार ठिकाणी होती, त्यांतल्या एका ठिकाणी नुसती सावली, गवतावर पडलेली.

लग्न तिनं केलं नाही. वडील गेल्यावर ती आईजवळच राहिली. धाकटी दोन गल्ल्या पलीकडे, नवऱ्याच्या घरी.

सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी आईच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. पापणी मिटेना, तोंडाचा कोपरा खाली ओघळला, 'प' म्हणताना ओठांतून हवा निसटायला लागली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. थोडं आलं, मग थांबलं. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यामुळे आरशात तिला स्वतःचा चेहरा धुक्यातल्या दिव्यासारखा दिसायचा. ती विचारायची, "अजून दिसतं का गं?" आणि धाकटी म्हणायची, "छे! सांगितल्याशिवाय कळायचंसुद्धा नाही." थोरली गप्प बसायची. आई रोज संध्याकाळी मोत्यांची माळ घालून खाली अंगणातल्या बाकावर शेजारणींबरोबर बसायची, आणि शेजारणीही भल्या होत्या, त्या तिच्या उजव्या बाजूला बसायच्या.

फोटोचं ऐकून आई खुलली. "दुकानाच्या पानावर? सगळे बघतील?" तिनं ठेवणीतले निळे कपडे काढले, पावडर लावली. धाकटी स्वतःचा जुना चंदेरी कॅमेरा घेऊन आली. साबणाच्या वडीएवढा, बटण दाबलं की पुढून नळी बाहेर येणारा. ड्रॉवरमध्ये पडून होता, विकायचाच होता. मोठा कॅमेरा थोरलीनं दुकानातून आणला होता. काळा, दोन्ही हातांनी धरावा लागणारा, आत आरसा असलेला. त्याचं बटण दाबलं की दार आपटल्यासारखा आवाज व्हायचा.

रविवारची सकाळ होती. खिडकीजवळ खुर्ची ठेवली, आईची उजवी बाजू पुढे. आधी छोटा कॅमेरा. तो बटण दाबल्यावर क्षणभर विचार करायचा आणि मग भक्कन फ्लॅश मारायचा. धाकटी मागे उभी राहून आईला हसवत होती. त्या फ्लॅशमध्ये आईच्या सुरकुत्या चुना फासल्यासारख्या बुजून गेल्या. मग मोठा कॅमेरा. खिडकीचा मऊ उजेड, तीच खुर्ची. थोरलीनं नऊ फोटो काढले. काम चोख होतं. आईच्या गालावरची पावडरसुद्धा कणाकणानं दिसत होती, तरी चेहरा सुंदर होता. म्हातारा, पण सुंदर. थोरलीला स्वतःला ते कबूल करावं लागलं.

"झालं?" आईनं विचारलं. आणि मग धाकटीकडे वळून हसत म्हणाली, "हिच्या हातात कॅमेरा कसा आला माहितेय? तुझा पहिला वाढदिवस. सगळे जमलेले. हिला पुढे उभी करावी तर फोटो बिघडतो, मागे उभी करावी तर रडते. तुझे बाबा म्हणाले, आता काय करायचं? मी म्हटलं, हिलाच कॅमेरा द्या! भांडणच मिटलं."

"आई, काहीतरीच तुझं," धाकटी म्हणाली. पण तिलाही हसू आवरलं नाही.

"अगं, गंमत सांगतेय. बघ ना, त्याच्यावरच पोट भरतंय तिचं."

आईच्या जिभेला हाड नव्हतंच कधी. थोरलीनं ह्याहून वाईट ऐकलं होतं. पण आजवर ती समजत होती की आपला हात स्थिर होता म्हणून कॅमेरा आपल्याला मिळाला.

"चहा टाकतेस?" ती धाकटीला म्हणाली.

धाकटी स्वयंपाकघरात गेली. थोरलीनं खुर्चीच्या पाठीला धरून खुर्ची अर्धी फिरवली. आता आईची डावी बाजू पुढे आली. खिडकीचा पडदा तिनं पूर्ण बाजूला सारला आणि आडवं, कोरडं ऊन त्या गालावर आलं.

"फिरवतेस कशाला?" आईनं विचारलं.

"उजेड बदलला. वर बघ. आता हस."

आई हसली. उजवी बाजू हसली. थोरलीनं दहावा फोटो काढला.

दोन दिवसांनी तिनं छोट्या कॅमेऱ्यातला फोटो कागदावर छापून घरी आणला. धाकटीही आली होती. तिनं आल्या आल्या थोरलीला बाजूला घेतलं. "ताई, मोठ्यातला दाखवू नकोस हं. उगाच बारीकसारीक दिसेल तिला."

"नाही दाखवत," थोरली म्हणाली. आणि त्या घडीला ते खरं होतं.

आईनं फोटो नाकाजवळ धरला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. पांढराशुभ्र, गुळगुळीत चेहरा, मोती, हसू. तिचे डोळे भरून आले. "हीच मी," ती म्हणाली. "गेले सहा महिने मला वाटत होतं, तुम्ही मला फसवताय. नाही गं, तशीच आहे मी." मग तिनं फोटो धाकटीच्या गालाला लावल्यासारखा केला. "तुझ्या कॅमेऱ्याची कमाल. बघ, ताईनं इतकी वर्षं ते धोंडे उचलले, पण मला मी दिसले ती तुझ्या खेळण्यात."

"काढला ताईनंच ना," धाकटी घाईनं म्हणाली.

"बटण काय, कुणीही दाबेल."

थोरली उठली. तिनं टेबलावरचा संगणक सुरू केला. धाकटीच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. "ताई, नको," ती म्हणाली, पण आईच उठून चालायला लागली होती. "दाखव, दाखव. तुलना आहे ना? मग दोन्ही बघायला नकोत?"

"बस इथे," थोरली म्हणाली आणि तिनं आईची खुर्ची संगणकाच्या पडद्याच्या अगदी जवळ ओढली.

दहावा फोटो उघडला. आईनं डोळे बारीक केले. "नीट दिसत नाही."

थोरलीनं तो मोठा केला. मग आणखी मोठा. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनाही चुकवता येणार नाही इतका. पडदाभर तो डावा डोळा पसरला, खालची पापणी उलटी, लाल, ओली. थोरलीनं चित्र सावकाश खाली सरकवलं. गाल, सुकलेल्या पिशवीसारखा. तोंडाचा कोपरा. त्या कोपऱ्यात पावडर ओली होऊन तिची खडूसारखी रेघ झाली होती.

"ही कोण?" आई म्हणाली.

थोरलीनं चित्र तिथेच थांबवलं.

आईचा हात हळूच वर आला आणि तिनं स्वतःच्या ओठाचा कोपरा चाचपला. बोट ओलं झालं. तिनं ते पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं.

"असं किती दिवस आहे?"

"फेब्रुवारीपासून," थोरली म्हणाली.

"ताई, पुरे!" धाकटीनं संगणकाची वायर ओढली. पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेतही आई बघत राहिली.

"मी रोज खाली जाऊन बसते," ती म्हणाली. "त्या सगळ्याजणी..." आणि तिचं वाक्य तिथेच संपलं. तिनं माळ गळ्यातून काढायचा प्रयत्न केला, आकडा सापडेना. धाकटी मदतीला गेली तर आईनं तिचा हात झटकला. "तू तर सांगत होतीस कळतसुद्धा नाही!" त्या दिवशी आई सगळ्यात जास्त रागावली ती धाकटीवर. थोरलीला ते पाहून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून तिनं कपबशा विसळायला घेतल्या.

आई त्यानंतर खाली गेली नाही. न्हाणीघरातल्या आरशावर तिनं टॉवेल टाकला. जेवताना ती भिंतीकडे तोंड करून बसायची. शेजारणी दोनदा वर आल्या, दोनदा दारातून परत गेल्या. थोरली वेळेवर औषधं द्यायची, डोळ्यांत थेंब घालायची, पापणीवर पट्टी लावायची. त्या कामात तिनं एक दिवसही कसूर केली नाही. तिला कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, खोटं तर काही दाखवलं नाही मी.

तुलनेचा मजकूर तिनं एका बैठकीत लिहिला. लोकांना तो फार आवडला. छोटा कॅमेरा लाड करतो, मोठा कॅमेरा खरं सांगतो, असं तिनं लिहिलं होतं, शेजारी शेजारी दोन फोटो. छोट्यातला पहिला, मोठ्यातला दहावा. वर ठळक अक्षरात मालकांचंच वाक्य, तेच माणूस, तीच खुर्ची, तोच उजेड. चंदेरी कॅमेरा त्याच दिवशी विकला गेला. मालक इतके खूश झाले की त्यांनी दहाव्या फोटोची हातभर मोठी प्रत करून घेतली. "दुकानाच्या काचेत लावू? आईंची हरकत नसेल तर."

"तिची कसली हरकत," थोरली म्हणाली.

चौथ्या दिवशी धाकटी बाजारातून परतताना त्या काचेपुढे थबकली. हातात पिशव्या तशाच धरून ती आत आली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"खुर्ची फिरवलीस तू," ती म्हणाली.

"काय?"

"मी चहा करायला गेले तेव्हा खिडकी तिच्या उजवीकडे होती. ह्यात डावीकडे आहे. ऊनसुद्धा वेगळं आहे. तोच उजेड म्हणे!" तिचा आवाज चढत होता. "मला वाटलं होतं, मोठ्या कॅमेऱ्यात माणूस असाच दिसतो. मूर्ख मी. तू तो काढलास, ताई. ठरवून काढलास."

मालकांनी काचेकडे पाहिलं, मग थोरलीकडे. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तिच्याबद्दल आणखी काही विचारावंसं वाटलं, पण ते फक्त म्हणाले, "बाई, हे खरंय?"

"फोटो तिचाच आहे," थोरली म्हणाली.

धाकटीनं पिशव्या खाली ठेवल्या, काचेच्या आत हात घालून तो फोटो ओढून काढला, चार तुकडे केले आणि तुकडे स्वतःच्या पिशवीत भरून निघून गेली. त्याच दुपारी ती नवऱ्याला घेऊन घरी आली. आईचे कपडे, औषधं, चष्मा, सगळं दोन बॅगांत मावलं. आईनं डोक्यावरून रुमाल असा ओढून घेतला होता की तोंड दिसू नये. दारातून जाताना ती थोरलीपाशी थांबली नाही.

घर एकदम शांत झालं. थोरली कामावरून यायची, दिवा लावायची, एकटीपुरतं शिजवायची. पहिले दोन आठवडे तिला मोकळं वाटलं. तिसऱ्यात ती आईच्या खोलीत जाऊन खिडकीपाशी उभी राहिली, आणि तिथे करण्यासारखं काही नाही हे कळून परत आली. मग ती धाकटीच्या घरी फोन करायला लागली. धाकटी नंबर पाहून उचलायची नाही.

एका संध्याकाळी फोन उचलला गेला. पलीकडे नुसता श्वास, आणि मागे टीव्हीवर कुणीतरी बातम्या देत होतं.

"कोण?" आईचा आवाज होता. अंधुक डोळ्यांनी तिला नंबर दिसला नसावा.

"मी."

थोरलीला वाटलं, आता ठेवणार. पण आईनं ठेवला नाही.

"एक विचारू?" आई म्हणाली. 'विचारू' म्हणताना हवा निसटली. "त्या दिवशी तुझ्या त्या मोठ्या कॅमेऱ्यात माझा एकही बरा फोटो आला नव्हता का गं?"

थोरलीला खोटं बोलता आलं असतं. नाही आला, एवढं म्हटलं असतं तर आईनं तो दोष स्वतःच्या चेहऱ्याला दिला असता, कॅमेऱ्याला दिला असता, आणि कदाचित महिन्या-दोन महिन्यांनी घरी परतलीही असती.

"आले होते," ती म्हणाली. "नऊ."

"नऊ," आई म्हणाली.

थोरली कानाला फोन लावून उभी राहिली. बातम्या संपल्या, हवामान सुरू झालं, कुणीतरी आईला विचारलं, "कुणाचा आहे?" आणि आईचा आवाज अगदी स्पष्ट ऐकू आला, "कुणाचा नाही. चुकून लागलाय."